दोन नळ्यांतलं रगत

जनावराच्या मानेवर अंगठा टेकवला की पंजाबरावला शीर सापडायची. शोधावी लागायची नाही. बाकीचे लोक ढोराला खाली पाडतात, चार जण वर बसतात, दोन-तीनदा भोसकतात आणि तरी सुई रिकामीच. पंजाबराव नुसता बोलत राहायचा, "हं, झालं बापा, झालं," आणि तेवढ्यात नळी भरलेलीही असायची. धनजकडून आत वळलं की जे गाव लागतं, तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात हा माणूस बत्तीस वर्षं परिचर होता. परिचर हे सरकारी कागदावर. गावात त्याला टोचनवाला म्हणत. डॉक्टर बदलून गेले तर कुणाचं अडत नसे, पण पंजाबराव चार दिवस रजेवर गेला की लोक कुरकुरत.

त्याच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं दोन वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं, पिठाची गिरणी बंद केली, तरी म्हातारा बधला नाही. "आज्यानं मेलेलं सोडलं, म्या जितं धरलं," असं पंजाबराव हसत सांगायचा. हसत सांगायचा खरा, पण ऐकणाऱ्याला हसू येत नसे.

दुसरी गोष्ट नळ्यांची. रक्त भरलं की नळीवर नंबर टाकायचा असतो, एवढंच काम. पंजाबराव नळीवर पांढरी पट्टी चिकटवायचा आणि तिच्यावर नंबराखाली बारीक अक्षरात जनावराचं नावही लिहायचा. चांदी. बिजली. मुंग्या. प्रयोगशाळेतली माणसं हसतात, असं एका डॉक्टरनं सांगितलं, तर हा म्हणाला, "हसू द्या. नंबर चुकते, नाव चुकत नाही." आणि खरंच, बत्तीस वर्षांत त्याची एक नळी इकडची तिकडे झाली नाही. हे ध्यानात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्या नळ्यांचीच आहे.

तर झालं असं. पोळा तीन दिवसांवर होता. सकाळी दवाखाना उघडायच्या आत तांड्यावरचा भाऊसिंग मोटारसायकल घेऊन पंजाबरावच्या दारात उभा. डोक्याला शेला नाही, पायात चप्पल नाही.

"पंजाबभाऊ, चाल. लाल्या गेला. हौश्या पडला हाये."

लाल्या आणि हौश्या ही भाऊसिंगची बैलजोडी. गावात ट्रॅक्टर झाले, तांड्यावर निम्म्या लोकांनी बैल विकले. भाऊसिंगला कुणी विकायचं नाव काढलं की तो म्हणायचा, "पोट्टे विकू का?" हौश्या जन्मला तेव्हा आडवा आला होता. पंजाबरावनं कोपरापर्यंत हात घालून त्याला वळवून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून भाऊसिंग आणि पंजाबराव यांचं भावासारखं, आणि भाऊसिंगची बायको धुरपताबाई पंजाबरावला भाऊच म्हणायची.

दवाखान्याच्या डॉक्टर उज्ज्वला मॅडम वाशीमहून यायच्या. नोकरीला दोनच वर्षं झालेली, पण कामाला पक्की बाई. भाऊसिंगला पुढं धाडून, त्यांना फोन करून पंजाबराव मागून निघाला. पोहोचला तोवर लाल्याला पुरून टाकलं होतं. खड्ड्यावर माती ओढायचं चाललं होतं. तांड्यातल्या एका म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणं खड्ड्यात टाकायला खडेमिठाची पिशवी आणलेली, ती तशीच बाजूला पडली होती.

"मीठ नाही टाकलं?" पंजाबरावनं विचारलं.

"मीठ नोको म्हणे," म्हातारा म्हणाला. "भाऊसिंग आंगावरच आला माह्या."

दुःखात माणूस काहीही करतो, असं म्हणून पंजाबरावनं ते सोडून दिलं.

गोठ्यात हौश्या कुशीवर पडला होता. तोंडातून लाळ, पोट ताठ, डोळे मात्र उघडे, आणि पंजाबरावचा आवाज ऐकून त्याचा कान हलला. मॅडम आल्या, तपासलं, विचारपूस सुरू झाली. काल काय खाल्लं, कुठं चरले, कुणी नेले.

नेले होते धुरपताबाईनं. ती दोन दिवस मालेगावला लेकीकडं गेली होती, परवा संध्याकाळी परतली, आणि काल सकाळी बैल घेऊन वावराच्या धुऱ्यावर गेली. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तिथं गवत मांडीएवढं होतं. धुऱ्याच्या पलीकडं जगदेवचं वावर, आणि त्यात उशिरा पेरलेली, वीतभर वाढलेली कोवळी ज्वारी. कोवळी ज्वारी बैलानं खाल्ली की बैल गेलाच समजा. हे या भागात शेंबडं लेकरूही सांगेल. म्हणून मॅडमनं ज्वारीचं नाव घेताच गोठ्याबाहेर जमलेला तांडा धुरपताबाईकडं पाहू लागला.

"ज्वारीत नाही गेले," धुरपताबाई म्हणाली. "दावं सोडलंच नाही म्या. पूरा टाइम हातात होतं."

"डोळा लागला असन तुया," भाऊसिंग म्हणाला. बायकोकडं न बघता म्हणाला.

"नाही लागला."

"मग कायनं मेला थो?"

मॅडमनं मग विचारलं, धुऱ्यावर कुणी काही फवारलं होतं का? तणनाशक, म्हणजे गवताचं औषध? हल्ली निंदायला बाया कुणी सांगत नाही, पाठीवर पंप घेतला की झालं. औषध मारलं तरी गवत चार दिवस हिरवंगार दिसतं, जनावराला काय कळतंय. भाऊसिंग हौश्याच्या मानेवरून हात फिरवत होता. "मले माहीत नाही," तो म्हणाला. धुरपताबाईला वाटलं, जगदेवनं त्याच्या बाजूनं मारलं असेल. जगदेव तिथंच उभा होता, त्यानं कानाला हात लावले.

लाल्याला उकरून चिरून पाहू म्हटलं तर भाऊसिंगनं साफ नाही सांगितलं. "माह्या बैलाले चिरू देनार नाही." मग उरलं हौश्याचं रक्त. मॅडम म्हणाल्या, मोठ्या प्रयोगशाळेत यंत्र आहे, रक्तात तणनाशक किती उतरलंय ते मोजून सांगतं, अगदी कणाकणानं. पंजाबरावनं अंगठा टेकवला. नळी भरली. पट्टीवर लिहिलं, 'एक. हौश्या.'

निघताना धुरपताबाई गाडीपाशी आली. साठीची बाई, हातभर बांगड्यांचं वजन वागवणारी, कधी कुणापुढं वाकली नाही. ती पंजाबरावला म्हणाली, "भाऊ, कागदावर येईन ना, का ज्वारी नव्हती म्हनून?"

"येईन बाई. रगत खोटं बोलत नाही."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. पण बोलून गेला.

आता यंत्राची एक खोड असते. मॅडमनं वाटेत समजावून सांगितलं. नुसतं आजारी बैलाचं रक्त पाठवून चालत नाही. त्याच गावातल्या धडधाकट जनावराचं, ज्यानं तसलं काही खाल्लेलं नाही अशाचं, स्वच्छ रक्तही सोबत लागतं. वाणी काही जोखायच्या आधी रिकामा तराजू पाहून घेतो ना, तसं. कुणाचं घ्यायचं?

"माह्या गायीचं घ्या," पंजाबराव लगेच म्हणाला.

आणि का नाही म्हणेल? मोगरी गाय त्याच्या घरची. कधी मोकाट सोडली नाही, उकिरड्यावर तोंड घातलं नाही. त्याची बायको भागिरथा तिला गव्हाणीत हातानं निवडून चारा घालायची. साऱ्या गावात याच्याइतकं स्वच्छ जनावर नाही, असं त्याला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही होता. दुपारी घरी येऊन त्यानं मोगरीची शीर धरली. गव्हाणीत हिरव्या गवताच्या चार काड्या पडलेल्या दिसल्या. दिसल्या आणि त्यानं विचारलं नाही. भागिरथा बाहेर गेली होती. गाय जरा सुस्त वाटली, तो म्हणाला ऊन आहे. पट्टीवर लिहिलं, 'दोन. मोगरी.' दोन्ही नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवून तो स्वतः एसटीनं कारंज्यापर्यंत गेला आणि डबा पुढच्या गाडीत स्वतःच्या हातानं ठेवून आला.

हौश्या आणखी दोन दिवस जगला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून सुजलेल्या खांद्याला लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पंजाबराव सलाइन लावायला गेला तेव्हा भाऊसिंग हौश्याचा खांदा शेकत बसला होता. बैलाला मान उचलवत नव्हती. भाऊसिंगनं त्याच्या कानापाशी तोंड नेलं. "आज आवतन घे रे बापा," तो म्हणाला, "उद्या जेवाले ये." मग शेजारच्या रिकाम्या दावणीकडं पाहिलं आणि तिथंही तेच म्हणाला.

पोळ्याच्या सकाळी हौश्या गेला. पुरणपोळी घरात होती, ती कुत्र्यालाही घालवेना. धुरपताबाईनं ती टोपल्यासकट नेऊन खड्ड्यावरच्या मातीत पुरली.

त्या दिवसापासून भाऊसिंग बायकोशी बोलेनासा झाला. भांडण नाही, हात उगारणं नाही, घर सोडून जाणं नाही. तिनं भाकर वाढली की जेवायचा. पण जेवताना पाणी मागायचं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस कधी माठापर्यंत गेला नव्हता. बसल्या जागी "पानी दे" म्हणायचा आणि ती द्यायची, रागात असली तरी द्यायची. आता तो घास अर्धा टाकून उठायचा, माठातून पाणी घ्यायचा आणि परत येऊन बसायचा. धुरपताबाईनं हे पंजाबरावला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "मारलं असतं तं बरं झालं असतं, भाऊ."

तांड्यातल्या बायाही पाणवठ्यावर ती आली की विषय बदलायच्या. जोडी खाल्ली बाईनं, असं तोंडावर कुणी म्हटलं नाही, आणि म्हणायला उरलंही काय होतं? तिची एकच आशा होती, ती म्हणजे कागद. दर सोमवारी ती तांड्यावरून पायी दवाखान्यात यायची, पायरीवर बसायची.

"आला का, भाऊ?"

"येईन बाई. लई दूर गेलं हाये रगत."

सोयाबीनची सोंगणी झाली, दसरा झाला, आणि मग कागद आला. मॅडमनं तो दोनदा वाचला आणि पंजाबरावला समोर बसवलं. हौश्याच्या रक्तात तणनाशक सापडलं होतं. पंजाबरावचा जीव भांड्यात पडला, तो उठायलाच लागला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "मोगरीच्याही रक्तात आहे. जवळजवळ तेवढंच."

खाली मत लिहिलं होतं. तुलनेसाठी पाठवलेल्या निरोगी जनावरातही अंश आढळल्यामुळं मृत्यूचं कारण निश्चित सांगता येत नाही. सरळ भाषेत सांगायचं तर, तेवढंच विष घेऊन गाय जिवंत उभी आहे, मग बैल त्यानंच मेले असं कसं म्हणायचं? कागद काहीच बोलत नव्हता, आणि असा कागद धुरपताबाईच्या विरोधातच बोलणार होता.

पंजाबराव घरी आला. भागिरथा चुलीपाशी होती.

"हौश्याचं रगत घेतलं त्याच्या आदल्या दिवशी गायीले काय घातलं होतं?"

"काय घालनार? गवत." तिनं जरा आठवलं. "धुरपताबाईनं देल्लं होतं. मी निंदनाहून येत होती, थे धुऱ्यावर बैल घेऊन उभी. म्हने, वैनी, मोगरीले न्या. विळ्यानं कापून भारा बांधून देल्ला माह्या डोक्यावर. काहून? काय झालं?"

"काही नाही," पंजाबराव म्हणाला.

तो गोठ्यात जाऊन बसला. ज्या धुऱ्यावर बैल चरत होते, त्याच धुऱ्याचं गवत. माया म्हणून दिलेलं. रक्तातलं माप सारखं आलं, तरी पोटात गेलेलं सारखं नव्हतं. गायीनं एकच भारा खाल्ला म्हणून ती वाचली, बैल दिवसभर चरले म्हणून मेले. धुरपताबाई खरंच बोलत होती, ज्वारीत कुणी गेलंच नव्हतं. आणि तिच्याच हातानं दिलेल्या भाऱ्यानं तिचा एकुलता एक साक्षीदार खोटा पाडला होता. पुन्हा तपासायला आता काय होतं? हौश्या मातीत, नळ्या संपलेल्या. आणि गव्हाणीतल्या त्या चार काड्या! शेंबड्या पोरानंही विचारलं असतं, हे गवत कुठलं. बत्तीस वर्षांचा अनुभव घेऊन याला विचारता आलं नाही, कारण आपली गाय स्वच्छ हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. पंजाबरावला स्वतःची शिसारी आली.

खरं ते सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. पण सांगून काय होणार? भाऊसिंग म्हणेल, तुझी गाय तेच गवत खाऊन जिती हाये ना, मग गवतानं नाही, ज्वारीनंच मेले. आणि धुरपताबाईला कळेल की आपण दिलेल्या भाऱ्यानंच आपला घात केला. दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी, सोमवार यायच्या आत, तो मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, चूक माही हाये. दोन्ही नळ्यांत म्या हौश्याचंच रगत भरलं होतं. मोगरीचं घ्याचं राहूनच गेलं. पट्टी लावताना गडबड झाली."

मॅडम त्याच्याकडं पाहत राहिल्या. "तुमच्याकडून? नळ्यांची गडबड?"

"वय झालं मॅडम."

"पंजाबराव, हे तुम्ही लेखी द्याल तर मला वर कळवावं लागेल. तुमच्या निवृत्तीला पाच महिने आहेत. नोटीस येईल."

"येऊ द्या."

त्यांना पटलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण माणूस स्वतःच्या सहीनं स्वतःला खोटा ठरवतोय, त्याला अडवणार कसं? त्यानं ज्या बारीक अक्षरात जनावरांची नावं लिहिली, त्याच अक्षरात लिहून दिलं की नमुना क्रमांक दोन हा माझ्या चुकीनं बाधित बैलाचाच घेतला गेला. मॅडमनं खाली शेरा लिहिला. आता हिशेब जुळत होता. दोन्ही नळ्या हौश्याच्या, म्हणून माप सारखं. म्हणजे विष बैलाच्याच रक्तात होतं. बत्तीस वर्षांची अब्रू एका कागदावर गेली. पंजाबरावनं त्याची नक्कल घडी करून खिशात टाकली आणि मोटारसायकलला किक मारली. त्या वाटेवर तो खरोखर खुशीत होता. धुरपताबाईचा चेहरा त्याला दिसत होता.

दुपारची वेळ. भाऊसिंग अंगणात बाजेवर बसून सुताची दोरी वळत होता. बैल नव्हते, तरी दावं वळत होता. धुरपताबाई आत सोयाबीन पाखडत होती, सुपाचा आवाज बाहेर येत होता. पंजाबरावनं कागद काढला, वाचून दाखवला, नळ्यांची चूक सांगितली.

"म्हंजे पाय भाऊसिंग, बाई खरं बोलत होती. ज्वारी नव्हतीच. गवताच्या औषधानं गेले दोघं. धुऱ्यावर कोनीतरी मारलं होतं."

आतला सुपाचा आवाज थांबला.

भाऊसिंगच्या हातातून दोरीचा पीळ सुटून उलटा उलगडत गेला. मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "पक्कं हाये? गवतानंच?"

"पक्कं हाये."

"थो धुरा म्या मारला होता, पंजाबभाऊ."

पंजाबरावला आधी समजलंच नाही.

"थे मालेगावले गेली होती, तवा. म्हनलं धुरा साफ करून टाकू. दुकानवाला म्हने ढोराले काही होत नाही. अन् पंपात म्या मूठभर मीठ टाकलं होतं. लोक टाकतेत ना, गवत लवकर जळते म्हनून. हौश्या मिठाले कसा हावरा होता, तुले माहीत हाये. माहा हात चाटे थो. मिठाचं गवत चाखून दोघं तुटून पडले असतीन." त्यानं दोन्ही हात उलटे करून पाहिले. "थे आल्यावर सांगाचं राहून गेलं. सकाळी उठून थे धुऱ्यावर गेली बी. मंग लाल्या पडला, अन् मले वाटलं ज्वारी असन. ज्वारीच असन. रोज म्हनत होतो मनात, ज्वारीच. म्हंजे माह्याच हातानं मेले?"

आता पंजाबरावला ती मिठाची पिशवी आठवली. मीठ नोको. सगळं पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर होतं. आणि या माणसाचा चेहरा आता असा झाला होता की पंजाबरावला भीती वाटली. बैल विक म्हटलं तर पोट्टे विकू का म्हणणारा माणूस. कागद मागं घ्यावा, असं पंजाबरावला वाटलं. जो खोटेपणा बाईसाठी केला, तो तिच्या नवऱ्याच्या छातीत जाऊन बसला होता.

"ज्वारीत गेले होते."

धुरपताबाई दारात उभी होती. केसांवर सोयाबीनचा भुसा, हातात सूप तसंच.

"कागद काहीबी म्हनू द्या," ती म्हणाली. "डोळा लागला होता माहा. उठून पाह्यलं तं दोघं ज्वारीत. काढलं म्या त्याईले भाईर. भेव लागलं म्हनून खोटं बोलली."

भाऊसिंगनं मान वर केली. महिना-दीड महिन्यानंतर त्यानं पहिल्यांदा बायकोच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला खरं काय ते कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. बेचाळीस वर्षं ज्या बाईबरोबर काढली, ती कधी खोटं बोलते हे माणसाला कळतं. पण बुडत्यानं हात पुढं आला तर कुणाचा आहे हे पाहायचं असतं का?

"म्हनलं होतं ना म्या," तो पंजाबरावला म्हणाला. आवाज फाटका होता. "ज्वारीच होती. म्हनलं होतं."

"हाव," धुरपताबाई म्हणाली. "तुमी म्हनलं होतं."

भाऊसिंगनं डोळे पुसले. दोरी पुन्हा हातात घेतली. मग, सवयीनं म्हणा की कशानं म्हणा, तो म्हणाला, "पानी दे."

तिनं सूप खाली ठेवलं, माठातून तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. तो घटाघट प्यायला. ती शेजारी उभी राहून तांब्या रिकामा व्हायची वाट पाहत होती.

पंजाबराव निघाला तेव्हा ती त्याच्याबरोबर तांड्याच्या चिंचेपर्यंत चालत आली. तिथं थांबून म्हणाली, "थो कागद फाडून टाका, भाऊ."

"बाई, बैल ज्वारीत नव्हते गेले."

"नव्हते."

"मग काहून?"

"मले बाया बोलतीन चार दिवस. चालते मले थे. त्याले नाही चालनार. थो गोठ्यात जाऊन बसन अन् तिथून उठनार नाही, मले माहीत हाये त्याचं." तिनं पदरानं तोंड पुसलं. आता मात्र ती रडत होती, आवाज न करता, पाणी नुसतं वाहत होतं. "पन तुमी माह्यासाठी केलं, थे समजलं मले. तुमची नळी चुकत नाही."

पंजाबरावनं खिशातला कागद चाचपला.

"मोगरी बरी हाये ना?" तिनं विचारलं.

तो तिच्याकडं पाहतच राहिला. तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे त्याला त्या चेहऱ्यावरून कळेना. भाऱ्याचं तो तिला कधीच सांगणार नव्हता, हे मात्र त्यानं तिथंच ठरवलं.

"बरी हाये," तो म्हणाला.

"वैनीले सांगजा, दिवाळीनंतर येईन म्हना."

कागद त्यानं वाटेत फाडला. पण वरच्या कार्यालयात गेलेला कागद कोण फाडणार? नोटीस आली, चौकशी झाली, आणि पाच महिन्यांनी पंजाबराव निवृत्त झाला तेव्हा सत्काराच्या भाषणात त्याच्या हाताची तारीफ झाली. नळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. तांड्यावर अजूनही जोडी मेली ती धुरपताबाईच्या डोळा लागण्यानं. भाऊसिंग अजूनही पाणी मागतो आणि ती देते.

त्या दिवशी मात्र घरी पोहोचल्यावर पंजाबराव कपडेही न बदलता गोठ्यात गेला. भागिरथानं ओट्यावरून विचारलं, काय झालं तांड्यावर? "काही नाही," तो म्हणाला, "बोलून राह्यले दोघं." मोगरीनं मान पुढं करून त्याचा हात हुंगला आणि चाटायला सुरुवात केली. उन्हातून आलेला हात, घामानं खारट झालेला. खरखरीत जिभेनं ती तळहात, मनगट, बोटांच्या बेचक्या चाटत राहिली. बत्तीस वर्षांत कुठल्याच जनावरासमोर पंजाबराव रडला नव्हता. त्यानं हात काढून घेतला नाही. मीठ संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि भागिरथा चहा घेऊन आली तेव्हा चहा नको म्हणाला.